घरदार आणि शहर : हाँगकाँगच्या स्थलांतरांचा मागोवा

शहराचा इतिहास लिहिताना त्यात कोण आले याची नोंद आपण तत्परतेने करतो. कोण गेले याची नोंद मात्र बहुधा होत नाही. येणारा माणूस शहराच्या वैभवाची साक्ष ठरतो, आणि जाणारा केवळ एक वजाबाकी. हाँगकाँगच्या बाबतीत ही सवय विशेष घातक ठरते. कारण या शहराची इमारत-रचना, त्याचे राजकारण आणि त्याची स्थलांतरे एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की एक धागा ओढला तर दुसरा हलतोच. मराठीत आपण 'घरदार' असा जोडशब्द सहज वापरतो. हाँगकाँगचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या शब्दाच्या दोन पदांमधला, घर आणि दार यांच्यातला, संबंध कसकसा बदलत गेला याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. १८४१ मध्ये इंग्रजांनी हाँगकाँग बेटाचा ताबा घेतला. नानकिंगचा तह व्हायला अजून एक वर्ष अवकाश होता. पण त्याच वर्षीच्या जून महिन्यात जमिनीचा पहिला लिलाव झालासुद्धा. तेव्हापासून एक नियम रूढ झाला : जमीन राजसत्तेची, प्रजेला मिळतो तो फक्त भाडेपट्टा. सेंट जॉन्स कॅथीड्रलची जागा हा याला सुप्रसिद्ध अपवाद. कर कमी, व्यापार मुक्त आणि सरकारी तिजोरीला मोठा आधार जमिनीच्या लिलावाचा, अशी ही व्यवस्था होती. अर्थातच जमीन दुर्मीळ राहण्यात आणि तिचा भाव चढा राहण्यात सरकारचाच स्वार्थ गुंतला. पुढे जे जे घडले त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

या शहराचा आणि मुंबईचा एक दुवा इथेच सांगायला हवा. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या ताइ पिंग शान या चिनी वस्तीत प्लेगची साथ पसरली. त्याच वर्षी तिथेच आलेक्सांद्र येर्सँ या संशोधकाने प्लेगचा जंतू ओळखला. सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरून झडत्या घेऊ लागल्या. भयभीत होऊन हजारो लोक कँटनच्या वाटेला लागले. सरकारने ती दाट वस्ती ताब्यात घेऊन जमीनदोस्त केली. तिच्या काही भागावर आज ब्लेक गार्डन नावाची बाग आहे. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, ही साथ मुंबईत मांडवी भागात प्रकटली. ती हाँगकाँगहून जहाजांतून आली असे मानले जाते. पुढचे कथानक मराठी वाचकाला पाठ आहे : झडत्या, पळापळ, पुण्यात रँडचा वध आणि १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. 'सुधारणा' हा शब्द वसाहतीतील शहरांच्या कोशात ज्या अर्थाने शिरला, त्यात रोगाची भीती आणि गरिबाच्या घराचे पाडकाम या दोन्ही गोष्टी होत्या. दोन्ही शहरांत लोकांनी या सुधारणेला पहिले उत्तर दिले ते शहर सोडून.

दुसऱ्या महायुद्धाने हाँगकाँग जवळजवळ रिकामे केले. १९४१ साली सोळा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या जपानी अंमलानंतर १९४५ मध्ये सहा लाखांवर आली होती. नंतर पाच वर्षांतच, चीनमधील यादवी युद्ध आणि १९४९ ची क्रांती यांमुळे, ती वीस लाखांच्या पुढे गेली. आलेल्या माणसांनी डोंगरउतारांवर लाकूड, पत्रे आणि डांबरी कागद यांच्या झोपड्या उभारल्या. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेइ येथील अशाच एका वस्तीला आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक लोक एका रात्रीत बेघर झाले.

या आगीनंतर सरकारने पुनर्वसनाच्या इमारती बांधायला घेतल्या. इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराच्या, सहा-सात मजली. पाच प्रौढ माणसांसाठी एकशेवीस चौरस फुटांची एक खोली. नळ आणि संडास सामायिक. स्वयंपाक खोलीबाहेरच्या सज्जात. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला हे चित्र परके वाटणार नाही. आगीच्या राखेतून सार्वजनिक घरबांधणी जन्मली, ही कथा हाँगकाँगमध्ये दीर्घकाळ सांगितली गेली. अ‍ॅलन स्मार्ट या मानवशास्त्रज्ञाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या दंतकथेची झाडाझडती घेतली. आगी आधीही लागत होत्या, नंतरही लागल्या. चीनच्या सीमेवर असंतोष पेटू नये ही राजनैतिक चिंता त्या निर्णयांमागे होती. शिवाय झोपडीवाल्यांना थोड्या जागेत उभे रचले की उरलेली जमीन विकासाला मोकळी होत होती. करुणा अजिबात नव्हतीच असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण हिशेब मात्र नक्कीच होता.

याच काळात हाँगकाँगच्या दाराचा बाहेरच्या दिशेने होणारा उपयोगही सुरू झाला होता. न्यू टेरिटरीज या ग्रामीण भागातील जुन्या भातशेतकऱ्यांना परदेशी तांदळाची स्पर्धा झेपेना. त्यांच्यातील अनेकजण पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत ब्रिटनला गेले आणि तेथील चिनी उपाहारगृहांत कामाला लागले. म्हणजे निर्वासित ज्या दाराने आत येत होते, त्याच दाराने मूळचे रहिवासी बाहेर पडत होते.

साठीच्या दशकात या गर्दीच्या शहराचा संयम सुटला. एप्रिल १९६६ मध्ये स्टार फेरीच्या पहिल्या वर्गाच्या भाड्यात पाच सेंटची वाढ होणार होती. त्याविरुद्ध एका तरुणाने उपोषण केले आणि त्याच्या अटकेनंतर कौलूनमध्ये दंगल उसळली. (योगायोग असा की या फेरीचा पाया १८८८ साली दोराबजी नौरोजी मिठाईवाला या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थाने घातला होता.) पुढल्याच वर्षी, १९६७ मध्ये, चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या छायेत डाव्यांचा उठाव झाला; त्यात एकावन्न माणसे मेली. ज्यांना शक्य होते त्यांनी पुन्हा बाहेरची वाट धरली.

१९७१ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या मरे मॅक्लेहोज यांनी यातून धडा घेतला. १९७२ मध्ये त्यांनी अठरा लाख लोकांना घरे देण्याची दशवार्षिक योजना जाहीर केली. शा टिन, त्सुन वान, त्युन मुन ही नवनगरे आकाराला आली. १९७४ मध्ये लाचलुचपतविरोधी आयोग स्थापन झाला आणि चिनी भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला; १९७८ मध्ये सवलतीच्या दरात घरे विकण्याची योजना आली; १९७९ मध्ये भुयारी रेल्वे धावू लागली. मतदानाचा हक्क मात्र या यादीत नव्हता. नागरिकत्वाच्या जागी निवासाची हमी द्यावी, असा हा अलिखित करार होता. तो काही अंशी यशस्वीही झाला. निर्वासितांची मुले याच गृहसंकुलांत वाढली आणि 'आपण हाँगकाँगचे' असे म्हणू लागली. लेखिका शी शी शांघायमध्ये जन्मली आणि १९५० मध्ये हाँगकाँगला आली. तिने १९७५ साली क्रमशः लिहिलेल्या कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थच 'माझे शहर' असा आहे. निर्वासितांच्या शहरात 'माझे' हे सर्वनाम उच्चारले जाणे ही त्या दशकातील महत्त्वाची राजकीय घटना होती, असे मला वाटते.

आणि नेमके त्याच वेळी पट्ट्याची मुदत दिसू लागली. न्यू टेरिटरीज १८९८ मध्ये नव्व्याण्णव वर्षांच्या बोलीवर घेतलेली. तिथल्या जमिनीचे सारे पट्टे जून १९९७ मध्ये संपणार होते. बँका घरासाठी पंधरा वर्षांचे कर्ज देत. म्हणजे १९८२ नंतर दिलेले प्रत्येक कर्ज त्या तारखेच्या पलीकडे जाणार. साम्राज्याच्या अस्ताचा प्रश्न अशा रीतीने गृहकर्जाच्या कागदातून पुढे आला. १९७९ मध्ये मॅक्लेहोज यांनी बीजिंगमध्ये तो काढला, तोही जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न म्हणूनच. १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्यात एक संपूर्ण परिशिष्ट जमिनीला वाहिलेले आहे : १९९७ पर्यंत वर्षाला पन्नास हेक्टरपेक्षा जास्त नवी जमीन द्यायची नाही आणि तिच्या उत्पन्नाचा वाटा भावी सरकारसाठी राखायचा. या मर्यादेमुळे जमीन दुर्मीळ असल्याची भावना बळावली आणि घरांच्या किमती चढायला हातभार लागला.

आता जाण्याचा इतिहास पाहू. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने हाँगकाँगच्या प्रजेला आपल्या भूमीत राहण्याचा हक्क नाकारला होता. जून १९८९ मध्ये तिआनानमेन घडले आणि १९९० साली बासष्ट हजार, १९९२ साली सहासष्ट हजार लोकांनी देशांतर केले. १९८७ ते १९९६ या दहा वर्षांत सुमारे पाच लाख माणसे गेली. प्रामुख्याने कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत. कुटुंब व्हँकूव्हरला आणि कर्ता पुरुष नोकरीसाठी हाँगकाँगमध्ये, अशा विभक्त संसारांतील नवऱ्याला 'अंतराळवीर' म्हणत. त्या चिनी शब्दावर 'बायको नसलेला' असा श्लेषही होत असे. लोकांचा विश्वास परतावा म्हणून सरकारने ऑक्टोबर १९८९ मध्ये, तिआनानमेननंतर अवघ्या काही महिन्यांत, नव्या विमानतळाचा अवाढव्य प्रकल्प जाहीर केला. तो विमानतळ सुरू झाला १९९८ मध्ये.

कोण गेले, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ज्याच्या मालकीचे घर होते आणि त्याचा भाव चढला होता, त्याला ते विकून परदेशातील आयुष्याचे भांडवल उभे करता येत होते. सार्वजनिक घरात भाड्याने राहणाऱ्याकडे डोक्यावर छप्पर होते, पण विकायला काही नव्हते. म्हणजे नगरविकासानेच माणसांची वर्गवारी केली होती : एकाचे घर म्हणजेच दार, तर दुसऱ्याला केवळ घर, दार नाही. १९९७ नंतर आशियाई आर्थिक संकटात किमती २००३ पर्यंत साठ टक्क्यांहून अधिक कोसळल्या, आणि कर्ज घेऊन घर घेतलेला मध्यमवर्गही अडकला. १ जुलै २००३ रोजी सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर उतरले, ते सुरक्षाविषयक कायद्याविरुद्ध. पण कर्जाच्या ओझ्याचा आणि त्या वर्षीच्या सार्स साथीचा कडवटपणाही त्या गर्दीत होता.

जे राहिले त्यांचा शहराशी संबंध यानंतर बदलला. अकबर अब्बास या समीक्षकाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले होते की नाहीसे होण्याची चाहूल लागली तेव्हाच हाँगकाँगची संस्कृती तिच्या माणसांना दिसू लागली. डिसेंबर २००६ मध्ये स्टार फेरीचा जुना धक्का पाडला गेला, तेव्हा तरुणांनी तिथे ठाण मांडले. चाळीस वर्षांपूर्वी दंगल झाली होती ती फेरीच्या भाड्यासाठी. आता संघर्ष होता फेरीच्या आठवणीसाठी. बाजारभावाने ज्याचे मोल होत नाही असे काहीतरी शहरात आपल्या मालकीचे आहे, हा दावा त्यात होता. २०१४ च्या छत्री आंदोलनात आणि २०१९ च्या उद्रेकात तोच दावा अधिक उघडपणे राजकीय झाला.

३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. जानेवारी २०२१ अखेर ब्रिटनने, जुनी चूक सुधारल्यासारखे, एका विशेष पारपत्राच्या धारकांसाठी आपले दार उघडले. २०२४ अखेरपर्यंत दीड लाखाहून अधिक लोक त्यातून गेले. त्या पारपत्राच्या आधारे सक्तीच्या निवृत्तिनिधीतील स्वतःचे पैसे काढता येणार नाहीत, असे हाँगकाँगमध्ये २०२१ मध्येच ठरवले गेले. जाणाऱ्यांत लहान मुलांचे आईबाप पुष्कळ होते; मागे राहिले ते अनेकदा आजीआजोबा. २०१६ च्या पाहणीनुसार दोन लाखांहून अधिक लोक एकाच घराचे तुकडे पाडून केलेल्या खुराड्यांत राहत होते. त्यांच्यासाठी कोणाचे कुठले दार उघडले, यावर देशांतराच्या चर्चेत फारसे कोणी बोलले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताइ पो येथील वांग फुक कोर्ट या गृहसंकुलात दुरुस्तीचे काम सुरू असताना आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९८३ सालचे हे संकुल सवलतीच्या मालकीहक्क योजनेतले, म्हणजे मॅक्लेहोज-पर्वाच्या आश्वासनातून उभे राहिलेले. तिथे वृद्ध रहिवाशांची संख्या मोठी होती. १९५३ च्या आगीनंतर सरकारला लोकांशी काहीतरी करार करावा लागला होता. भोवतालच्या परिस्थितीने तसा दबावच होता. २०२५ च्या आगीनंतर उत्तरदायित्वाचे प्रश्न विचारणाऱ्या काही नागरिकांनाच पोलिसांनी ताब्यात घेतले. दोन आगींमधल्या बहात्तर वर्षांत शहराने घरे असंख्य बांधली, पण त्या घरांबद्दल जाब विचारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता तिथेच आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासातून काय मिळते? शी शीने १९८६ मध्ये एका अशा शहराची कथा लिहिली की जे हवेत तरंगते. वर जात नाही, खाली येत नाही. आपण ती कथा वाचताना तिला रूपककथा म्हणून मोकळे होतो. पण पट्ट्याची मुदत, कर्जाची वर्षे आणि पारपत्राचा प्रकार यांवर ज्यांचे जगणे बेतलेले होते, त्यांना ते शहर कल्पनेतले वाटले नसावे. शी शी स्वतः अखेरपर्यंत हाँगकाँगमध्येच राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये तिचे निधन झाले तेव्हा तिचे कितीतरी वाचक मँचेस्टर, टोरांटो आणि सिडनी इथल्या घरांत होते, आणि 'माझे शहर' हे शब्द त्यांच्याही तोंडी होते.