वॅम्पम पट्टा

* वॅम्पम पट्टा : अटलांटिक किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचे जांभळे आणि शंखांचे पांढरे नळीदार मणी विणून इरोक्वा (होडेनोशोनी) लोक हे पट्टे करत. डच वसाहतवाल्यांनी या मण्यांचे चलन केले; इरोक्वांच्या लेखी पट्टा म्हणजे करारनामाच. ‘हायावाथा’ पट्ट्यावर जांभळ्या पार्श्वभूमीवर चार पांढरे चौकोन आणि मधोमध वृक्ष दिसतो : इरोक्वा संघातली मूळ पाच राष्ट्रे. वृक्ष त्यांपैकी ओनोंडागांचा; संघाचा अग्नीही त्यांच्याच स्वाधीन. पण नुसत्या नक्षीवरून करार उलगडत नाही. परिषदेत जाणता प्रमुख पट्टा हाती धरून त्यातले वचन मुखोद्गत सांगतो आणि तो पाठ पुढच्या पिढीला देतो. असे पट्टे संग्रहालयात अडकून पडणे हा अन्यायच होता. न्यूयॉर्क राज्य संग्रहालयाने १२ पट्टे ओनोंडागांना परत केले, ते १९८९ साली. — संपा.