प्रकल्पाची मुदत आणि बेटाचे आयुष्य

मराठी वर्तमानपत्रांत 'किरिबाटी' असे छापून येणाऱ्या देशाचे नाव तिथले लोक 'किरिबास' असे उच्चारतात. त्यांच्या भाषेच्या लिपीत 'स'साठी वेगळे अक्षर नाही, त्यामुळे रोमन 'टीआय' ही जोडी 'स'चे काम करते. आणि 'किरिबास' म्हणजे तरी काय, तर 'गिल्बर्ट्स' या इंग्रजी नावाला बेटवासीयांच्या जिभेवर आलेले रूप. थॉमस गिल्बर्ट नावाचा इंग्रज कप्तान १७८८ मध्ये या बेटांजवळून गेला, एवढ्या भांडवलावर त्याचे नाव साऱ्या द्वीपसमूहाला चिकटले. पूर्वेकडच्या 'ख्रिसमस' बेटाचे त्याच न्यायाने 'किरिसमास' झाले. बाहेरून आलेली वस्तू नाकारता येत नसेल तर ती आपल्या तोंडात बसेल अशी करून घ्यायची, ही या समाजाची जुनी रीत दिसते. हवामानबदलाच्या चर्चेत ज्याला आज 'अनुकूलन' म्हणतात त्याचा इतिहास लिहिताना ही रीत ध्यानात ठेवलेली बरी.

हा इतिहास सहसा २००३ पासून सांगितला जातो. त्या वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने 'किरिबाटी अनुकूलन कार्यक्रम' सुरू झाला. खालच्या पातळीवरच्या बेटांसाठी आखलेल्या अशा राष्ट्रव्यापी कार्यक्रमांपैकी तो अगदी आरंभीचा. परंतु 'इथे राहणे कठीण होत चालले आहे, तेव्हा काहीतरी योजना करा' हा विचार, आणि ती योजना बाहेरच्या माणसाने आखून तिला मुदत घालून देण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. माझ्या मते सुरुवात १९३७ पासून करायला हवी.

त्या काळी गिल्बर्ट बेटे ब्रिटिश वसाहत होती. हॅरी मॉड हा वसाहतीचा जमीन-अधिकारी होता. दक्षिणेकडच्या बेटांवर माणसे वाढली, जमिनीचे तुकडे पडत गेले, आणि नारळाच्या चार झाडांवरून कज्जे होऊ लागले. यावर मॉडने उपाय सुचवला तो पूर्वेकडच्या निर्जन फिनिक्स बेटांवर वसाहत करण्याचा. योजनेला साम्राज्याचा दुसरा हेतूही होता. प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानांना उतरायला बेटे हवी होती, अमेरिका फिनिक्स बेटांवर हक्क सांगू लागली होती, आणि वस्ती हा ताब्याचा उत्तम पुरावा असतो. तरीही मॉडला निव्वळ साम्राज्याचा हस्तक म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने बेटवासीयांचे प्रतिनिधी बरोबर नेले, त्यांना विहिरी खणून पाणी चाखू दिले, आणि त्यांनी होकार दिल्यावरच पाऊल उचलले. प्रतिनिधींनी एका बेटाला निकुमारोरो असे नाव दिले. ते त्यांच्या पुराणकथेतल्या नेई मंगानिबुका या देवीच्या मूळ भूमीचे नाव. (आज हे बेट जगाला ठाऊक आहे ते अमेलिया इअरहार्ट ही वैमानिक तिथे पोचली असावी या तर्कामुळे. तिथे पाव शतक नांदलेल्या गावाची चौकशी सहसा कोणी करत नाही.)

१९३८ च्या अखेरीस पहिली कुटुंबे मानरा, ओरोना आणि निकुमारोरो या तीन बेटांवर उतरली. प्रत्यक्ष कारभार जेराल्ड गॅलाघर या तरुण अधिकाऱ्याच्या हाती होता. १९४१ मध्ये तो निकुमारोरोवरच आजाराने वारला. मग युद्ध आले, जहाजे येईनाशी झाली. युद्ध संपले, पण जहाजांची ये-जा पहिल्यासारखी झाली नाही. या सगळ्यापेक्षा बिकट गोष्ट म्हणजे विहिरी खारट होऊ लागल्या.

इथे थोडे थांबून कंकणद्वीपावरचे पाणी समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर तरंगतो. अशा बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचे पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर भिंगाच्या आकाराचा थर होऊन राहते. बेट रुंद असेल तर थर जाड, चिंचोळे असेल तर पातळ. पाऊस हुकला की भिंग आक्रसते, उपसा वाढला की खालून खारे पाणी वर चढते, आणि लाट बेटावरून गेली की वरूनही मीठ पडते. ब्वाब्वाई हे अळूच्या कुळातले कंदपीक बेटवासी खोल खड्ड्यांत लावतात, ते मुळे या भिंगापर्यंत पोचावीत म्हणून. खड्ड्यातले पीक पिवळे पडू लागले की म्हाताऱ्यांना पाण्याची बातमी कळते.

फिनिक्स बेटांवर एकदा दोनदा पाणी चाखून झालेली पारख पुरेशी नव्हती. तिथला पाऊस वर्षागणिक टोकाचा बदलतो. १९५० च्या दशकाच्या मध्यात ला निनाची सलग वर्षे आली, आणि मध्य प्रशांतात ला निना म्हणजे कोरडा काळ. पण वसाहतीच्या अधिकाऱ्यांना हा शब्द माहीत नव्हता, कारण ते शास्त्रच अजून जुळले नव्हते. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख राहिलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनच्या लहरीपणाचा माग काढताना १९२० च्या दशकात हवेच्या दाबाच्या 'दक्षिणी आंदोलना'चे वर्णन केले होते. समुद्राच्या तापमानाशी त्याची सांगड घातली ती याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो फिनिक्स समूहातल्याच कँटन बेटावरच्या हवामान केंद्राच्या नोंदींचा. विमानतळाच्या सोयीसाठी ठेवलेल्या त्या नोंदवह्यांत शेजारच्या बेटांवरच्या विहिरींचे भविष्य लिहिलेले होते. ते वाचता येऊ लागले तोवर शेजारी निघून गेले होते.

मानरावरून १९५५ पासून, आणि उरलेल्या बेटांवरून १९६३ मध्ये, वस्ती हलवण्यात आली. गिल्बर्ट बेटांत परत जागा नव्हती, म्हणून या लोकांना नेले ते ब्रिटिशांच्याच ताब्यातल्या सॉलोमन बेटांत, गिझो आणि वाघिना येथे. मराठीत 'प्रकल्पग्रस्त' असा एक शब्द आहे. तो धरणाखाली गेलेल्या माणसासाठी घडला, पण एका प्रकल्पाने वसवलेला आणि त्याच प्रकल्पाच्या अपयशाने उठवलेला माणूसही त्यात सहज मावतो.

गिझोला डोंगर आहेत, पाऊस आहे. कागदावर हे पुनर्वसन यशस्वी म्हणावे असेच. २ एप्रिल २००७ रोजी सकाळी तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्र मागे हटला. मूळच्या सॉलोमन बेटवासीयांना पूर्वजांच्या सांगण्यातून ठाऊक होते की पाणी असे ओसरले की टेकडीकडे धावायचे. गिल्बर्टी वस्त्यांच्या आठवणीत ही खूण नव्हती. त्यांच्या मूळ बेटांभोवती समुद्र एकदम खोल होत जातो, तिथे त्सुनामी फारशी चढत नाही. काही जण, विशेषतः मुले, उघड्या पडलेल्या तळाकडे पाहत राहिली. ५२ मृतांमध्ये या स्थलांतरितांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते, असे नंतरच्या पाहणीत दिसून आले. माणसे हलवताना जमीन, रोपे, होड्या यांची यादी करता येते. एखाद्या किनाऱ्याबद्दलचे शहाणपण कोणत्याही यादीत येत नाही, आणि नव्या जागी ते साठायला दोन पिढ्याही पुरल्या नाहीत.

बनाबाची कथा अधिक कडू आहे, आणि ती इथे ओझरतीच सांगतो. सहा चौरस किलोमीटरच्या या बेटावर १९०० मध्ये फॉस्फेट सापडले आणि १९७९ पर्यंत ते खणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर पसरले गेले. १९४५ च्या डिसेंबरात बनाबावासीयांना फिजीतल्या राबी बेटावर उतरवण्यात आले. ते बेट त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून विकत घेतलेले होते, आणि स्वागताला तंबू होते, तेही वादळांच्या मोसमात. तेव्हा 'बुडणाऱ्या देशातले पहिले निर्वासित' अशी वाक्ये वाचली की आश्चर्य वाटते. या लोकांना बेट सोडण्याचा अनुभव नवा नाही. दुसऱ्याने ठरवून दिलेले सोडणे कसे असते हे ते पुरेपूर जाणतात.

अशा पार्श्वभूमीवर २००३ चा कार्यक्रम आला. त्याची सुरुवात चांगली होती, हे नोंदवले पाहिजे. बेटाबेटांतून आलेल्या प्रतिनिधींना विचारले गेले की गेल्या वीस-चाळीस वर्षांत तुम्हाला काय बदलताना दिसले, त्यावर तुम्ही काय करता, आणि सरकारने काय करावे. मानेआबा या सभागृहात तासन्‌तास बोलून एकमत घडवणाऱ्या समाजाला ही पद्धत परकी नव्हती. अडचण पुढे आली. दुसऱ्या टप्प्याला २००६ मध्ये आरंभ झाला आणि टप्पा म्हटला की त्याला अखेरची तारीख, खर्चाचे वेळापत्रक आणि मोजून दाखवण्याजोगे फळ लागते. खारफुटीची ३७,००० हून अधिक रोपे लावली, हे मोजता येते. त्यांतली दहा वर्षांनी किती उभी राहिली हे मोजायला तो टप्पा शिल्लक राहत नाही.

बंधाऱ्यांचे असेच झाले. दक्षिण तारावात रस्ता, विमानतळ अशा ठिकाणी वाळूच्या पोत्यांचे बंधारे उभारले गेले. सायमन डॉनर आणि सोफी वेबर यांनी २०१४ मध्ये या अनुभवावर जे लिहिले त्याचा रोख असा, की अशा निर्णयांत समुद्रपातळीच्या अनिश्चिततेइतकाच, किंबहुना अधिक, वाटा देणगीदारांच्या वेळापत्रकाचा आणि 'दिसणाऱ्या' कामाच्या ओढीचा असतो. उभा बंधारा एका जागी किनारा राखतो आणि शेजारची वाळू खातो. काठ्या आणि झावळ्यांचे 'ते बुइबुइ' हे जुने कुंपण लाटेला अडवत नाही, वाळू मात्र धरून ठेवते, आणि दरवर्षी दुरुस्त करावे लागते. त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही त्याची खरी उणीव.

शास्त्रज्ञांनी गुंतागुंत आणखी वाढवली. आर्थर वेब आणि पॉल केंच यांनी २०१० मध्ये मध्य प्रशांतातल्या २७ बेटांची जुनी-नवी हवाई छायाचित्रे ताडून दाखवले, की पाण्याची पातळी वाढत असतानाही ८६ टक्के बेटांचे क्षेत्रफळ स्थिर राहिले किंवा वाढले. वर्तमानपत्रांनी याचा अर्थ 'बेटे बुडत नाहीत' असा लावला. तो तितकासा खरा नाही. बेट सरकते, एका अंगाने झिजते, दुसऱ्या अंगाने भरते, आणि त्यावर ठरलेल्या जागी ठरलेल्या कुटुंबाचा जमिनीचा तुकडा असतो. बेट वाचते आणि घर जाते. १९८७ मध्ये जपानी मदतीने बेटिओ आणि बैरिकी जोडणारा भराव बांधला गेला, तेव्हा खाजण आणि महासागर यांमधली वाळूची ये-जा अडली. हेही काही समुद्रपातळीचे कृत्य नव्हे.

कार्यक्रमाचा सर्वांत कमी दिसणारा आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे नळाची गळती. दक्षिण तारावाचे पाणी मुख्यतः बोनरिकीच्या भिंगातून येते. राजधानीच्या दाटीपासून ते राखावे म्हणून सरकारने तिथली जमीन पाण्यासाठी राखीव केली आणि मालकांना भाडे देऊ केले. मालकांच्या लेखी जमीन म्हणजे भाडे नव्हे. ती कुळाची ओळख. त्यातून वर्षानुवर्षे भांडणे झाली, उपशाच्या यंत्रणेची मोडतोड झाली, राखीव जागेत घरे उभी राहिली. इकडे उपसलेल्या पाण्यापैकी सुमारे निम्मे फुटक्या वाहिन्यांतून जात होते. तिसऱ्या टप्प्यात गळती शोधण्याचे काम हाती घेतले गेले. ते कुठल्याही छायाचित्रात शोभत नाही, पण वाचलेली प्रत्येक घागर भिंगावरचा ताण कमी करते, समुद्र चढो वा न चढो.

याच काळात राष्ट्राध्यक्ष अनोटे टाँग 'सन्मानाने स्थलांतर' ही कल्पना जगभर मांडत होते. बेटे सोडावी लागलीच तर आपले लोक कुशल कामगार म्हणून जावेत, निर्वासित म्हणून नव्हे, असा तिचा आशय. फिनिक्स आणि राबीच्या इतिहासाला दिलेले ते उत्तरच होते. २०१४ मध्ये त्यांच्या सरकारने फिजीतल्या वानुआ लेवू बेटावर नातोआवातू ही सुमारे ५,५०० एकरांची मिळकत अँग्लिकन चर्चकडून विकत घेतली. २०१६ मध्ये तानेती मामाऊ निवडून आले आणि त्यांनी स्थलांतराची भाषा बाजूला ठेवली. बेटे सोडायची नाहीत, इथेच विकास करायचा, असे त्यांचे वीस वर्षांचे धोरण सांगते. फिजीतल्या जमिनीकडे मग शेतीच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. टाँग यांची दूरदृष्टी आणि मामाऊ यांचा हट्ट, यांत मला निवड करता येत नाही. पण दोघांनीही निर्णय तारावात बसून घेतला, एवढा फरक १९३७ पासून पडला आहे.

नातोआवातूची जमीन मात्र रिकामी नव्हती. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर राबायला आणलेल्या सॉलोमन बेटवासीयांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या गाव करून राहत आले होते. चर्चने त्यांना जागा दिली होती. विक्रीत त्यांच्या वाट्याला मिळकतीचा एक लहान भाग राखून ठेवण्यात आला.