थांबलेला फलाट का सरकतो?

पुणे-लोणावळा लोकलने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. खिडकीबाहेर एकटक पाहत असताना गाडी आकुर्डीला थांबते आणि समोरचा फलाट क्षणभर पुढे सरकल्यासारखा वाटतो. गाडी स्थिर, फलाटही स्थिर. मग सरकते ते काय?

हे कोडे जुने आहे. वाहत्या पाण्यावरून नजर काढली की स्थिर वस्तू हलताना दिसतात, असे अॅरिस्टॉटलने नोंदवले होते. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांना स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्याशेजारचे खडक वर चढताना दिसले. तेव्हापासूनच्या चर्चेतून या अनुभवाला 'धबधब्याचा भ्रम' हे नाव मिळाले. पुढे त्याचे स्पष्टीकरणही मिळाले. वेगवेगळ्या दिशांच्या गतीला वेगवेगळ्या चेतापेशी प्रतिसाद देतात. एकच गती बराच वेळ पाहिली की त्या दिशेच्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि विरुद्ध दिशेच्या पेशींचे पारडे जड होते. १९६३ मध्ये बार्लो आणि हिल यांना सशाच्या दृष्टिपटलात अशा पेशी मंदावताना आढळल्या.

पण डोळे गतीवर आणि मन भलतीकडे असेल तर? १९११ मध्ये लंडनच्या वोलगेमुथ यांनी, लक्ष विचलित केल्याने या भ्रमात फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढला. तो सुमारे ऐंशी वर्षे टिकला. १९९० मध्ये चौधुरी यांनी प्रयोगात सहभागी झालेल्यांची नजर मध्यबिंदूवर खिळवली आणि तिथेच झरझर बदलणारी अक्षरे ओळखण्याचे काम दिले. मागची गती डोळ्यांसमोर असूनही भ्रम लवकर ओसरला. १९९६ मध्ये ट्रॉय आणि माऊन्सेल यांना माकडाच्या मेंदूत गती टिपणाऱ्या पेशींचा प्रतिसाद लक्षानुसार बदलताना दिसला. १९९७ मध्ये रीस, फ्रिथ आणि लावी यांनी, दिलेले काम जितके अवघड तितका गतीला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद कमी, असे दाखवले. वोलगेमुथ चुकले, असेच सर्वांना वाटू लागले.

मात्र २०११ मध्ये मायकेल मॉर्गन यांनी एक साधी शंका काढली. भ्रम संपला हे ठरवतो कोण? पाहणाराच! त्याच्या मनात काही अपेक्षा असेल तर तो नकळत लवकर किंवा उशिरा 'संपला' म्हणेल. असा कल शिरू नये याची काळजी घेऊन मोजमाप केले, तेव्हा लक्ष विचलित करण्याचा परिणाम त्यांना आढळला नाही. लक्षामुळे मेंदूतील पेशींचा प्रतिसाद बदलतो, हे या शंकेने खोटे ठरत नाही. पण या भ्रमापुरता वाद पुन्हा उघडा झाला.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांना हा मुद्दा चटकन पटावा. चाकण-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये छिद्र बरोबर आहे की नाही हे कामगाराच्या अंदाजावर सोडत नाहीत. त्यासाठी गो-नोगो गेज असते. एक टोक आत गेले आणि दुसरे अडले, की काम पास. मत विचारण्याचा प्रश्नच येत नाही. मनाच्या अभ्यासात असे गेज बनवणे फार कठीण, आणि या इतिहासाची खरी अडचण तीच आहे.

वर्गात हा प्रयोग करता येईल. पुठ्ठ्याच्या चकतीवर ठळक सर्पिल काढून ती जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर फिरवावी. विद्यार्थ्यांनी अर्धा मिनिट मध्यबिंदूकडे पाहावे, मग चकती थांबवून भ्रम किती सेकंद टिकतो ते मोजावे. दुसऱ्या खेपेला नजर तिथेच ठेवून शंभरातून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला सांगावे. काय घडेल ते मात्र आधी सांगू नये. नंतर निम्म्या वर्गाला 'आता भ्रम कमी टिकेल' असे सांगून प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. त्या आकड्यांत तफावत पडली, तर ती चकतीने पाडलेली नसेल, आपल्या एका वाक्याने पाडलेली असेल.