मिठागरातले बाष्पीभवन

मुलाला आपणही शास्त्रज्ञ व्हावे असे केव्हा वाटू लागते, हा प्रश्न सहसा मानसशास्त्राचा मानला जातो. आम्हांस तो भाषेचाही वाटतो, आणि महाराष्ट्रातील विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात त्यास आधार सापडतो.

वाशीहून लोकलने खाडी ओलांडली की मानखुर्द लागते. तेथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केले. भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने आरंभीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या शाळांत काम केले. पुढे, १९८०च्या दशकाच्या प्रारंभी, मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत. ज्यांच्या घरी शिक्षणाची परंपरा नाही ती मुले विज्ञानात मागे का पडतात, याचा शोध घेताना पाठ्यपुस्तकाची भाषाच आड येते, असे अभ्यासकांना आढळले. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हा मुलांची समज वाढली.

या निष्कर्षाचे मोल खाडीच्या पूर्वेकडे विशेष जाणवते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळी गावांच्या शेतांवर, मिठागरांवर नवी मुंबई उभी राहिली. मिठागरात अडवलेले खारे पाणी उन्हाने आटून मीठ उरते, हे तेथे खपणाऱ्यांच्या मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असे. त्याच मुलांना वर्गात 'बाष्पीभवन' हा शब्द भेटे, तेव्हा तो आपल्याच मिठागराविषयी आहे, हे त्यांना कोण सांगणार? घरची बोली आगरी, पुस्तकाची मराठी निराळी. मग विज्ञान हे दुसऱ्या कुणाचे तरी काम, अशी समजूत नकळत रुजते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने तर अगदी शेजारी होते. पण बाहेरून दिसे ती धुराडी आणि फाटक, आतली प्रयोगशाळा नव्हे.

परिभाषा टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. बाष्पीभवन हा शब्द मुलाला यायलाच हवा. फक्त तो त्याच्या अनुभवामागून यावा. व्यवसायमार्गदर्शनाची व्याख्याने दहावीनंतर होतात, तोवर पुष्कळ मुलांनी स्वतःला विज्ञानातून वगळलेले असते. म्हणून मराठीच्या शिक्षकांनी एकदा चौथीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक हाती घ्यावे आणि त्यातले कोणते वाक्य मुलाला आत घेते, कोणते बाहेर ठेवते, हे तपासावे. ते काम विज्ञानशिक्षकाइतकेच आपलेही आहे.