मार्कंडादेव

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील प्राचीन शैव मंदिरसमूह. मूलहून चामोर्शीकडे निघाले की वैनगंगा ओलांडावी लागते. तिच्याच डाव्या तीरावर ही मंदिरे आहेत. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा होईपर्यंत हा मुलूख चंद्रपुरातच मोडत असे. नदी इथे उत्तरवाहिनी असल्याने स्नानाला विशेष मान असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या सुमारास इथे आला, तेव्हा त्याने मंदिरांचा काळ दहावे-अकरावे शतक असा ठरवला. मार्कंडेय मंदिराच्या बाह्य भिंतींवर तीन ओळींत मूर्ती आहेत: देवदेवता, सुरसुंदरी, मिथुने. या शिल्पांमुळेच लोक याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात.

हे नाव कौतुकाचे खरे, पण त्याने मार्कंड्याचे खरे वेगळेपण झाकले जाते. वीज पडून शिखर मंडपावर कोसळल्यानंतर एका गोंड राजाने जाडजूड, बिनकोरीव खांब आणि कमानी उभारून छत सावरले, असे जुन्या नोंदी सांगतात. नाजूक कोरीव स्तंभांशेजारी असे ओबडधोबड खांब सौंदर्याला मारक ठरतात, ते काढून मूळ रूप परत आणावे, असे कोणी म्हणेल. परंतु हा आधार मिळाला नसता, तर सावरायला मंडप तरी किती उरला असता? शिवाय बांधणाऱ्यांच्या कलेइतकीच पुढच्या राजवटीची श्रद्धाही दगडातच वाचता येते. जतनाच्या कामात ही डागडुजी पुसली गेली, तर चंद्रपूरच्या गोंड राजवटीचा एक अस्सल पुरावाच नाहीसा होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिथे रोज पूजा होते, त्या जागेला संग्रहालयाच्या नजरेने का पाहावे? जुन्या गोव्यातील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. मार्कंड्यात तसे घडलेले नाही, घडूही नये. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा संरक्षित पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत होऊ देत नाही. म्हणजे इथे पूजा आणि जतन यांत निवड करण्याची गरजच नाही. भाविकाने गाभाऱ्यात हात जोडावेत आणि बाहेर पडताना भिंतीवरच्या मूर्तींना तेल-शेंदूर लावू नये, एवढी शिस्त पाळली तरी दोन्ही हेतू साधतात. पाहुण्याने मात्र मूर्तींच्या आधी मंडपाची डागडुजी समजून घ्यावी. मंदिर उभे कसे राहिले, हे तिथेच कळते.