खम्स रुबियात : बहरीनमधल्या आपल्या रोजच्या जगण्याचा जुना हिशेब



आम्ही बहरीनला आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात लिंबं आणि पुदिना घेतला आणि म्हाताऱ्या बहरीनी दुकानदाराला खुणेनेच किंमत विचारली. तो म्हणाला, "खम्स रुबियात." म्हणजे पाच रुपये! याला आपले रुपये चालतात असे समजून आम्ही पाकिटात उरलेली दहाची नोट पुढे केली. तो मनापासून हसला, नोट परत आमच्या हातात ठेवली आणि पाकिटातली अर्ध्या दिनारची नोट बोटाने दाखवली. पाचशे फिल्स म्हणजे पाच रुबिया. जुनी बहरीनी माणसे आजही शंभर फिल्सला रुपयाच म्हणतात.

घरी येताना डोक्यात एकच विचार होता. हा रुपया इथे आला कधी, गेला कधी आणि त्याच्याबरोबर आलेली आपल्याकडची माणसे इथे राहात होती तरी कशी? तेव्हापासून जे वाचले, ऐकले, ते आपल्या अंकासाठी थोडक्यात मांडत आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही, आमचा प्रांत रसायनशास्त्राचा. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात आपल्या घरातल्या नथीपासून करू. नथ, चिंचपेटी, तन्मणी यांतल्या जुन्या मोत्यांना आपण 'बसरा मोती' म्हणतो. नाव बसऱ्याचे, पण मोती याच आखातातल्या शिंपल्यांचे, आणि त्यांतले पुष्कळ बहरीनच्या आसपासच्या समुद्रतळावरून काढलेले. ऐन उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुहर्रकहून होड्या निघत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जात. होडीच्या प्रमुखाला इथे 'नोखदा' म्हणत. आपल्या कोकणातला 'नाखवा' तो हाच, मूळ फारसी शब्द एकच. काढलेले मोती मुंबईच्या मोती बाजारात जात, तिथे त्यांची प्रतवारी होई, भोके पाडली जात आणि पुढे माल पॅरिसपर्यंत पोचे. उलट मुंबईहून तांदूळ, कापड, साखर, चहा, मसाले येत. सगळा धंदा उचलीवर चाले. हंगामापूर्वी घेतलेली उचल पाणबुड्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. आजीच्या नथीमागची ही बाजू आपल्याला कधी कोणी सांगितलेली नसते.

व्यापारापाठोपाठ कारभारही मुंबईकडून आला. आखातातल्या इंग्रज रेसिडेंटवर १८७३ पर्यंत मुंबई सरकारची देखरेख होती, नंतर ती हिंदुस्थान सरकारकडे गेली. १८८४ मध्ये इथे हिंदुस्थानी टपाल कचेरी उघडली. १९३३ पासून हिंदुस्थानच्याच तिकिटांवर 'बहरीन' असा शिक्का छापून ती विकली जाऊ लागली. सर्वांत नवलाची गोष्ट कायद्याची. १९१३ च्या हुकमानुसार (तो अमलात आला १९१९ मध्ये) इथल्या परकी लोकांच्या खटल्यांसाठी बहरीन जणू मुंबई इलाख्याचा एक जिल्हा आहे असे धरले जाई आणि वरचे कोर्ट म्हणून मुंबई हायकोर्टाकडे पाहिले जाई. म्हणजे रत्नागिरी, ठाणे, पुणे आणि कागदोपत्री बहरीन!

नाणेही साहजिकच रुपया, आणे, पै. स्वातंत्र्यानंतरही रिझर्व्ह बँकेचा रुपया इथे चालतच राहिला. पण त्या रुपयांतून सोन्याची चोरटी आयात होऊ लागली, म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकात 'झेड' अक्षर असे आणि त्या भारतात बाजारात चालत नसत. ऑक्टोबर १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला आणि भाव ठरला एका दिनारला दहा रुपये. पुढच्याच जूनमध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पण तोवर बहरीन त्यातून बाहेर पडले होते. एका रुपयाचे शंभर फिल्स झाले, ते त्या म्हाताऱ्या दुकानदाराच्या तोंडी अजून रुपयाच आहेत. आज दिनाराला दोनशेच्या वर रुपये मोजावे लागतात. महिन्याच्या पगाराला एक्स्चेंजमध्ये रांगेत उभे राहताना हा दहाचा भाव आठवावा.

हे झाले सरकार दरबारचे. माणसांचे काय? आपल्याकडून आलेल्यांत सिंधमधल्या ठठ्ठ्याचे भाटिया व्यापारी फार जुने. मनामाच्या बाजारातले श्रीनाथजींचे मंदिर त्यांचे, ते १८१७ सालचे मानले जाते. सत्यनारायणाला विड्याची पाने आणि फुले आणायला आपण त्याच गल्लीत जातो. १९१५ मध्ये इंडियन क्लब निघाला. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बुडवला. सुदैवाने १९३२ मध्ये जबल दुखानजवळ तेल लागले आणि १९३६ मध्ये रिफायनरी सुरू झाली. मग मुंबईमार्गे कारकून, फिटर, टायपिस्ट येऊ लागले. १९४७ मध्ये केरळीय समाजम् आणि १९५० मध्ये इंडियन स्कूल झाले. १५ ऑगस्ट १९७१ ला बहरीन स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली. तारीख आपलीच! त्याच वर्षी अल्बाचे अॅल्युमिनियम निघू लागले. पुढे बांधकामे, बँका, इस्पितळे वाढली, तशी आपली मराठी घरेही वाढली.

विमान परवडेपर्यंत येणे-जाणे बोटीने. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई करीत बहरीनला येत आणि पुढे कुवेत, बसऱ्याला जात. साधे प्रवासी डेकवर वळकटी पसरत. १९६० च्या दशकात मीना सलमान बंदर तयार होईपर्यंत बोट दूर नांगर टाकी आणि लाँचमधून किनाऱ्याला यावे लागे. याच मार्गावरची 'दारा' ही बोट ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली, त्यात २३८ माणसे गेली. या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका', ती १९८२ मध्ये थांबली.

आता स्वयंपाकघरात येऊ. नव्याने आलेल्या वहिनींची पहिली तक्रार ठरलेली असे, "तुरीची डाळ शिजतच नाही हो!" दोष डाळीचा नव्हे, पाण्याचा. इथले भूजल चुनखडीच्या खडकातून येते, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, म्हणून दाणा फुटत नाही. चिमूटभर सोड्याने काम होते, पण ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. शिजवण्यापुरते गोडे पाणी वापरणे हाच खरा उपाय. एके काळी इथे गोड्या पाण्याचे झरे चक्क समुद्रतळातून वर येत. पाणबुडे बुडी मारून कातडी पिशव्या भरून आणीत. 'बहरीन' म्हणजे दोन समुद्र, एक खारा आणि एक गोडा, असा नावाचा अर्थ लोक सांगतात तो यावरूनच. अधारीच्या झऱ्यावर तर बागा पोसल्या जात. उपसा वाढला तसे झरे आटले आणि खारटपणा वाढला. १९७५ मध्ये सित्रा येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला, १९८४ मध्ये रास अबू जर्जूरला खारट भूजल शुद्ध करू लागले. आज नळाला येणारे पाणी बहुतांशी कारखान्यात बनलेले आहे. तेव्हा नळ चालू ठेवून भांडी घासताना जरा विचार करावा.

बाजारहाटाला अरबी येत नाही म्हणून नव्या मंडळींनी घाबरू नये. निम्मे शब्द आपलेच आहेत. जुने बहरीनी पंख्याला 'बांका', बटाट्याला 'आलू', कचऱ्याला 'कचरा', लोणच्याला 'अचार', परटाला 'दोबी' म्हणतात, आणि टॅक्सीवाल्याला सरळ जा सांगायचे तर 'सीदा' पुरते. मासळीबाजारात मात्र नावे शिकावी लागतात : कनद म्हणजे सुरमई, झुबेदी म्हणजे पापलेट, रुबियान म्हणजे कोळंबी. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते तशी इथे दरवर्षी काही महिने कोळंबीला बंदी असते, तेव्हा ताजी म्हणून कोणी गळ्यात मारली तर विचार करा. दूध, पाव, कोथिंबीर, रात्री अकराला लागलेले फोनचे कार्ड, सगळ्याला कोपऱ्यावरचे कोल्ड स्टोअर आहेच.

विरंगुळ्याचा वार शुक्रवार. २००६ पर्यंत सरकारी सुटी गुरुवार-शुक्रवार होती, नंतर शुक्रवार-शनिवार झाली. शुक्रवार मात्र कायम राहिला. म्हणून आपले हळदीकुंकू, नाटकाची तालीम, मुलांचा मराठी वर्ग, मोकळ्या जागेवरचे क्रिकेट, सारे शुक्रवारी. व्हिडिओ कॅसेटच्या काळात एका घरी व्हीसीआर असला की चार घरांचा शुक्रवार त्या बैठकीच्या खोलीत जाई. आता मॉल झाले. पण मॉलबाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बहरीनच्या किल्ल्यावर (२००५ पासून जागतिक वारसा) डॅनिश संशोधकांना मोहेंजोदडोच्या मापाची दगडी वजने सापडली. म्हणजे आपल्याकडचा माल इथे चार हजार वर्षांपूर्वीही तोलला जात होता. वसई-चौलला आपण पाहिलेले पोर्तुगीजही १५२१ ते १६०२ याच किल्ल्यावर होते. मुहर्रकमधली मोत्यांची वाट २०१२ मध्ये वारसा यादीत आली. नथ घालणारीने तरी ती एकदा चालून यावी.

इतके सारे सापडले, पण एक गोष्ट सापडली नाही. मोत्यांचे, तेलाचे, टपालाच्या तिकिटांचे कागद आहेत. आपल्या मराठी घरांचे जवळजवळ काहीच नाही.

आमच्या ओळखीचे एक काका होते. तरुणपणी 'द्वारका' बोटीने आलेले. एकदा गणपतीच्या पंगतीत वाढता वाढता म्हणाले, "डेकवर शेजारच्या कुटुंबाने दिलेल्या दशम्यांवर मी बहरीन गाठलं." आम्ही म्हटले, "काका, एकदा निवांत बसून सगळं सांगा." तेही हो म्हणाले. मग कधी परीक्षा, कधी शिफ्ट, कधी सुटीवर जाणे, असे करता करता ते निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले. फोनवर बोलणे होई ते तब्येतीचे. गेल्या वर्षी ते गेले. मुलाला विचारले तर त्याच्याकडे ना तिकीट, ना फोटो, ना पत्र. जागा सोडताना सामान कमी करायचे म्हणून सारे रद्दीत गेले. आम्ही चार वेळा त्यांच्या घरी जेवलो होतो आणि एकदाही वही काढली नाही, ही रुखरुख आहे.

इथे आपला मुक्काम नोकरीवर अवलंबून. २०२२ पासून गोल्डन रेसिडन्सीची सोय झाली आहे, पण बहुतेकांचे परतणे ठरलेलेच. गावाकडे घर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते, जुने कागद माळ्यावर तरी सापडतात. इथे माणूस निघाला की सीपीआर कार्ड रद्द होते, भाड्याच्या जागेला नवा रंग लागतो, आणि त्या घरात वीस वर्षे काय शिजले, कोण राहून गेले हे सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून एक विनंती. प्रत्येक घराने दोन पाने लिहून मंडळाकडे द्यावीत. कोणत्या साली आलात, बोटीने की विमानाने, पहिले घर कुठे आणि भाडे किती, पहिल्या दिवशी जेवायला कोणी बोलावले, डाळ शिजवायला कोणी शिकवले, घरी खुशाली कशी कळवत होता : पत्राने, आवाज भरलेल्या कॅसेटने की फोनने. शुद्धलेखनाची काळजी नको. जुने फोटो, बोटीची तिकिटे, 'झेड'ची एखादी नोट असेल तर झेरॉक्स काढून लगेच परत देऊ. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्याकडे आम्ही स्वतः शुक्रवारी वही घेऊन येऊ. चहा मात्र लागेल.

सुरुवात आम्ही केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर काकांचे ते दशम्यांचे एक वाक्य लिहून ठेवले आहे, त्यांचे तेवढेच आमच्याजवळ आहे. पुढची पाने कोरी आहेत. जाण्याच्या तयारीत असलेल्या मंडळींनी कृपया आधी कळवावे.