वेस्टर्न ब्लॉटचा पुरावा : डोळा, फिल्म आणि कॅमेरा

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सोमाटण्याहून पुण्याकडे निघाले म्हणजे देहूरोड, निगडी व चिंचवड ओलांडून पिंपरी लागते. तिच्या शेजारच्या भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या कार्यक्षेत्रातील एका जुन्या परीक्षेवरून प्रयोगशाळेतील चित्रग्रहणाचा प्रश्न चांगला उलगडतो.

जेलमध्ये वजनानुसार विलग झालेली प्रथिने पातळ पटलावर उतरवून ती प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखण्याची रीत टॉबिन, स्टेहेलिन व गॉर्डन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. सदर्न यांच्या १९७५ च्या डीएनएविषयक पद्धतीच्या नावावर कोटी करून बर्नेट यांनी १९८१ मध्ये तिला 'वेस्टर्न' म्हटले. एचआयव्हीच्या निदानास दुजोरा देण्याकरिता ती पुढे जगभर वापरली गेली. या परीक्षेत विकराच्या क्रियेने रंग पट्टीवरच साचतो. पी-२४, जीपी-४१ इत्यादी प्रथिनांच्या जागी उमटलेल्या रेषा नियंत्रक पट्टीशी ताडून डोळ्यांनी वाचता येतात. येथे पट्टी हाच पुरावा होय. तथापि एखादी रेषा पुसट उमटली, तर निर्णय अनिश्चित राही व त्या माणसास पुन्हा रक्त द्यावे लागे. पुसट रेषेचे मोल केवढे असते, ते यावरून कळावे.

संशोधनात रंगाऐवजी ल्युमिनॉलचा प्रकाश आला आणि त्याची नोंद क्ष-किरण फिल्मवर होऊ लागली. फिल्म संवेदनक्षम खरी, परंतु तिचा काळेपणा प्रकाशाच्या प्रमाणात फार थोड्या मर्यादेतच वाढतो. त्यापलीकडे दुप्पट व दसपट प्रथिन सारखेच काळे दिसते. बॉइल व स्मिथ यांनी १९६९ मध्ये कल्पिलेल्या सीसीडीच्या शीतित कॅमेऱ्यांनी ही मर्यादा पुष्कळ रुंदावली. त्याबरोबर नवी अडचणही आली. फिल्मवरील खाडाखोड दिसून येते; संगणकावरील फेरफार सहज दिसत नाही. यास्तव 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकृत लेखांतील चित्रांची तपासणी सुरू केली.

यंत्रनिवडीचा निकष या इतिहासातूनच निघतो. केवळ एथिडियम ब्रोमाइडने रंगविलेले डीएनएचे जेल पाहावयाचे असतील, तर अतिनील प्रकाशाचा मंच, योग्य गाळणी व साधा कॅमेरा पुरेसा होतो. मंद रासायनिक प्रकाश मोजावयाचा असेल, तर शीतित कॅमेरा हवा. एकाच पटलावर दोन प्रथिनांची तुलना करावयाची असेल, तर दोन रंगांची प्रतिदीप्ती अधिक सोयीची ठरते. मात्र कोणतेही यंत्र घेतले, तरी ते मूळ, असंस्कारित चित्र जतन करते काय व संपृक्त झालेले बिंदू दाखविते काय, हे प्रथम पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एचआयव्हीच्या निदानातून वेस्टर्न ब्लॉट वगळण्याची शिफारस केली. निदानातील त्याचे स्थान ओसरले. संशोधनात मात्र ते टिकून आहे. तेथे पट्टी काही दिवसांत निरुपयोगी होते आणि मागे उरते ते केवळ चित्र. ते कसे घेतले, हे सांगता आले नाही, तर तो पुरावा राहत नाही.